फुटपाथही आपल्याच खात्याचा आहे : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस


आपल्याकडे येणाऱ्या पत्रांमध्ये दवाखाना, डॉक्टर, औषधं किंवा रुग्णवाहिका यांची मागणी असते, आणि ती रास्तच असते. माझ्या पत्रात यातलं काही नाही. मी आपल्याला एका ब्रिटिश डॉक्टरांच्या कामाविषयी लिहिते आहे. जेरेमी मॉरिस हे त्यांचं नाव, सगळे त्यांना जेरी म्हणत. १९१० साली लिव्हरपूलला जन्मले, ग्लासगोत वाढले आणि २००९ साली वयाच्या ९९व्या वर्षी वारले. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर म्हणून आपल्या देशातही होते. 'रोज चाला, हृदय सांभाळा' असे फलक आज आपल्या प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर दिसतात. त्या वाक्यामागचा पहिला भक्कम पुरावा या माणसाने उभा केला. पण त्यांच्या कामातला अर्धाच भाग आपण उचलला. उरलेल्या अर्ध्या भागाकडे आपलं लक्ष जावं, यासाठी हे पत्र.

१९४०च्या दशकात ब्रिटनमध्ये पन्नाशीच्या आतबाहेरचे धडधाकट पुरुष हार्ट अटॅकने जाऊ लागले होते. का, ते कुणाला सांगता येत नव्हतं. १९४८ साली तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सामाजिक वैद्यकाचा एक विभाग काढला आणि मॉरिसना त्याचं प्रमुख केलं. त्यांनी सुरुवात केली ती पूर्व लंडनमधल्या लंडन हॉस्पिटलच्या जुन्या दप्तरापासून. तिथे १९०७ पासूनच्या शवविच्छेदनांच्या नोंदी होत्या. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांत चरबीचे थर साचतात हे माहीत होतं. अटॅक वाढले ते त्यामुळेच असतील, तर चाळीस वर्षांत हे थरही वाढलेले दिसायला हवे होते. तसं दिसलं नाही. थर होते तेवढेच होते आणि अटॅक मात्र वाढले होते. मग दुसरं काहीतरी बदललं होतं, आणि ते माणसांच्या रोजच्या जगण्यात असणार, असा अंदाज मॉरिस यांनी बांधला. तो तपासायचा तर माणसं दिवसभर काय काम करतात ते पाहणं भाग होतं.

इथून पुढे त्यांनी जे केलं ते मला आजही थक्क करतं. मोठी यंत्रं नव्हती, कॉम्प्युटर नव्हता. त्यांनी लंडनच्या दुमजली बसकडे पाहिलं. एकाच गाडीत दोन माणसं काम करतात. दोघांच्या पगारात फारसा फरक नाही, दोघं राहतात त्या वस्त्या एकसारख्या, ड्यूटी संपली की चहाही एकाच डेपोत. फरक एवढाच की ड्रायव्हर पाळीतला नव्वद टक्के वेळ बसलेला असतो आणि कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढतो. मुंबईत १९३७ पासून डबल डेकर धावल्या, त्यामुळे आपल्या वाचकांना हे चित्र परकं नाही. गाडी वळणावर कलंडलेली, एका हाताने दांडी धरलेली, दुसऱ्या हातात तिकिटं आणि पंच, त्या अरुंद जिन्याने वर जायचं, शेवटच्या बाकापर्यंत पैसे गोळा करत पोचायचं, तेवढ्यात स्टॉप आला की घंटी मारायला परत खाली. हे दिवसभर, आणि वर्षानुवर्षं.

लंडन ट्रान्सपोर्टमधल्या ३५ ते ६४ वर्षांच्या ३१ हजार पुरुषांच्या आजारपणाच्या आणि मृत्यूच्या नोंदी तपासल्या गेल्या. हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांमध्ये वर्षाला हजारी २.७ निघालं, कंडक्टरांमध्ये १.९. कंडक्टरला आजार झालाच तर तो उशिरा व्हायचा, आणि तेवढा जीवघेणा नसायचा. पहिले आकडे १९४९मध्येच हाती आले होते. मॉरिस यांनी ते लगेच छापले नाहीत. ड्रायव्हरला रस्त्यावरच्या गर्दीचा ताण असतो, त्यामुळे असं होत असेल, असं कुणीही म्हटलं असतं. म्हणून त्यांनी टपाल खात्याची आकडेवारी मागवली. तिथे पायी किंवा सायकलवरून पत्रं वाटणारे पोस्टमन एका बाजूला आणि टेलिफोनवर किंवा टेबलाशी बसणारे दुसऱ्या बाजूला. तिथेही हिंडणाऱ्यांचं हृदय बसणाऱ्यांपेक्षा सुस्थितीत निघालं. मग १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात लेख आला. त्याआधी शरीरश्रमाचा हृदयाला फायदा होतो असं म्हणणारे होतेच. पण हजारो माणसांच्या नोंदी समोर ठेवून कुणी ते दाखवलं नव्हतं. उलट, वय झालं की हृदयाला विश्रांती द्यावी असंच अनेक डॉक्टर सांगत.

एक शंका तरीही उरत होती. मुळात लठ्ठ माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर शोधलेली वाट मला फार आवडते. कर्मचाऱ्यांना गणवेश कंपनी देत असे, त्यामुळे प्रत्येकाच्या पँटच्या कमरेचं माप कंपनीच्या दप्तरात होतं. ही मापं त्यांनी घेतली आणि १९५६ साली त्यावर लेख लिहिला. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या होत्या, म्हणजे शंका खोटी नव्हती. पण सडपातळ ड्रायव्हर आणि सडपातळ कंडक्टर, मध्यम आणि मध्यम, स्थूल आणि स्थूल अशा जोड्या लावल्या, तरी अचानक मृत्यूचं प्रमाण प्रत्येक गटात कंडक्टरांमध्येच कमी निघालं. शिंप्याच्या मापांवरून हृदयाचा प्रश्न सोडवणारा हा माणूस होता. आपल्या जिल्हा रुग्णालयांत, एसटीच्या आगारांत आणि साखर कारखान्यांच्या दप्तरांत अशा किती नोंदी धूळ खात असतील, हा विचार हे वाचताना मनात येतो.

पुढे काळ बदलला. यंत्रं आली, कष्टाची कामं कमी झाली आणि बहुतेक माणसं टेबलाशी बसू लागली. मग कामाबाहेरच्या वेळेत केलेल्या व्यायामाचा उपयोग होतो का, हे पाहायचं ठरलं. १९६८ पासून १६ हजार ८८२ सरकारी अधिकाऱ्यांनी सोमवारी सकाळी ऑफिसात आल्यावर आधीच्या शुक्रवार-शनिवारचा हिशेब लिहून दिला. कधी काय केलं, तेही पाच-पाच मिनिटांच्या तपशिलाने. बागेत खणलं, पोहलं, जोरात चाललं, की नुसतं बसून राहिलं. दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका बराच कमी होता. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात नऊ हजारांहून जास्त अधिकारी होते आणि त्यातून आपल्या वयाच्या लोकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट पुढे आली. तरुणपणी मैदान गाजवलेलं असलं तरी पुढे सोडून दिलं असेल तर त्याचा काही उपयोग नाही. आज करता आहात तेवढंच कामी येतं. आणि पंचावन्न ते चौसष्ट वयाच्या पुरुषांना त्याहून तरुणांपेक्षा कमी व्यायामातही संरक्षण मिळालं. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात 'आता या वयात काय चालायचं' असं कुणी म्हणालं की मी हेच सांगते. बीपीची गोळी रोज घ्यायचीच, चालण्याने ती सुटत नाही, हेही त्याच दमात सांगते.

मॉरिस स्वतःही हे आचरणात आणत. लहानपणी दर आठवड्याला वडील त्यांना चार मैल चालायला नेत, आणि तासाच्या आत अंतर कापलं तर आइस्क्रीम मिळे. साठच्या दशकात ते लंडनच्या हॅम्पस्टेड हीथच्या माळावर कोट काढून धावत, तेव्हा लोकांना त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असं वाटे. नव्वदी ओलांडल्यावरही ते चालत, पोहत आणि लंडन स्कूल ऑफ हायजीनमध्ये कामाला जात. १९९६ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने क्रीडाशास्त्रासाठीचा आपला पहिला पुरस्कार अमेरिकेचे राल्फ पॅफेनबर्गर आणि मॉरिस या दोघांना दिला.

इथपर्यंतचे मॉरिस जगभरात माहीत आहेत. मंत्रिमहोदय, यापुढचे मॉरिस आपल्या कामाचे आहेत.

व्यायामाच्या अभ्यासाच्या आधीपासून ते गरिबीचा अभ्यास करत होते. समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांच्याबरोबर १९४२ साली त्यांनी मुलांमधल्या संधिवाताच्या तापावर लिहिलं. या तापात हृदयाच्या झडपा निकामी होतात. त्यांना दिसलं की वस्तीत बेकारी वाढली की आजार वाढतो. एका माणसाच्या हृदयाला काय होतं ते त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावून कळतं, पण एका शहराच्या हृदयाला काय होतं ते रोजगार आणि घरभाडं यांच्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही, ही दृष्टी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

१९७७ साली ब्रिटिश सरकारने आरोग्यातल्या विषमतेवर एक समिती नेमली. अध्यक्ष सर डग्लस ब्लॅक, आणि मॉरिस एक सदस्य. अहवाल तयार झाला तोवर सरकार बदललं होतं. मोफत राष्ट्रीय आरोग्यसेवा तीस वर्षं चालूनही गरीब आणि श्रीमंत यांच्या आयुर्मानातली दरी मिटलेली नाही, आणि याची कारणं मुख्यतः दवाखान्याबाहेर, उत्पन्नात, घरात, कामाच्या जागी आहेत, असा अहवालाचा निष्कर्ष होता. १९८०च्या ऑगस्टमध्ये, सुटीच्या दिवसांत, त्या अहवालाच्या फक्त २६० प्रती काढण्यात आल्या, आणि शिफारशी अमलात आणण्याचा खर्च परवडणारा नाही असं तिथल्या मंत्र्यांनी प्रस्तावनेतच लिहून टाकलं. तो अहवाल पुढे जगभर वाचला गेला. आरोग्याचं खातं ज्यांच्या हाती होतं त्यांनी मात्र तो आपल्या खात्याबाहेरचा विषय मानला. हा प्रसंग मी तक्रारीच्या सुरात सांगत नाही. आपल्या जागेवर बसलेल्या माणसाला 'हे माझ्या खात्याचं नाही' असं म्हणण्याचा मोह किती सहज होऊ शकतो, एवढंच मला त्यातून दिसतं.

मॉरिस त्यानंतरही थांबले नाहीत. निरोगी राहायला माणसाला किती पैसे लागतात, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. सरळ वाटतो, पण तोवर कुणी तो पुराव्याच्या आधारे मांडला नव्हता. आधी तरुणांसाठी आणि मग २००७ साली, म्हणजे स्वतःच्या वयाच्या ९७व्या वर्षी, इंग्लंडमधल्या ६५ वर्षांपुढच्या माणसांसाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. पौष्टिक जेवण, ऊबदार घर, औषधोपचार, हिंडण्या-फिरण्याचा खर्च हे त्यात होतंच. त्याबरोबर व्यायाम आणि माणसांशी संबंध राखण्याचा खर्चही धरला होता, कारण एकटेपणाने म्हातारी माणसं खचतात याचा पुरावा होता. बेरीज आली ती सरकारी पेन्शनपेक्षा साधारण दीडपट.

आता आपल्याकडे वळते. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला अटॅक सरासरी ५३व्या वर्षी आला, इतरांना ५९च्या सुमारास. म्हणजे आपल्या लोकांच्या हाती वेळ कमी आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या दर शंभर माणसांत दहाच्या आसपास माणसं साठीपुढची होती, आज त्याहून नक्कीच जास्त असतील. आपल्या असांसर्गिक आजारांच्या तपासणीत त्यांचं बीपी आणि साखर मोजली जाते, गोळ्या मिळतात, आणि मग सांगितलं जातं, 'रोज अर्धा तास चालत जा.' कुठे चालायचं?

आपण एकदा आपल्या मतदारसंघातल्या कुठल्याही आजींबरोबर घरापासून आरोग्य केंद्रापर्यंत चालत जावं, अशी माझी विनंती आहे. ताफा नको, कार्यकर्ते नकोत. आमच्या रस्त्यावर काय आहे ते लिहिते. फुटपाथ सुरू होतो तिथेच गुडघाभर उंचीची कड आहे. ज्यांचे गुडघे गेले आहेत त्या तिथे विजेच्या खांबाला धरून चढतात. वीस पावलं गेलं की एका दुकानाचा उतार येतो, पुन्हा उतरायचं. मग उघडं गटार, त्यावर तिरकी फरशी. पुढे मोटरसायकली लावलेल्या, त्यामुळे आजी रस्त्यात उतरतात आणि मागून बसचा हॉर्न. त्या दुसऱ्या दिवशी चालायला येत नाहीत. कुणीही येणार नाही. रस्त्यांसाठीच्या भारतीय मानकांत फुटपाथची कड जास्तीत जास्त १५० मिलिमीटर, आणि चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर असावी, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पुणे महापालिकेने तर २०१६ साली पादचारी धोरणही मंजूर केलं आणि लक्ष्मी रस्त्यावर दरवर्षी एक दिवस वाहनं बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध नातवाचं बोट धरून चालणारी म्हातारी माणसं किती खुशीत असतात ते पाहावं. मानक आहे, धोरण आहे. त्याच्या अंमलबजावणीकडे हृदयाच्या आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहणारं सरकारात कुणी नाही, कारण फुटपाथ नगरविकास खात्याकडे आणि हृदय आपल्याकडे.

चांगलं झालेलंही सांगते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्या माणसांना एसटीचा प्रवास मोफत झाला. हा निर्णय परिवहन खात्याचा. त्याला आरोग्य योजना कुणी म्हटलं नाही, पण माझ्या मते तो राज्याने अलीकडे घेतलेला एक उत्तम आरोग्यविषयक निर्णय आहे. आमच्याकडच्या कितीतरी आजी त्यामुळे घराबाहेर पडू लागल्या. बहिणीकडे जातात, आळंदीला जातात, भाचीच्या लग्नाला दोन दिवस आधी जातात. मॉरिस यांनी खर्चाच्या यादीत जे धरलं होतं, माणसांत मिसळणं, ते त्यांना त्या सवलतीतून मिळालं. मात्र एसटीची पहिली पायरी अजून तेवढीच उंच आहे. स्टँडवर पाहिलं आहे मी, आजी आधी पिशवी वर ठेवतात, मग दोन्ही हातांनी दांडा धरतात, एक पाय वर नेतात आणि दुसरा जमिनीवरून सुटत नाही. कंडक्टर भला असला की 'आजी, दमानं' म्हणत हात देतो. नसला की मागची रांग ओरडते. नव्या गाड्या घेताना त्या पायरीची उंची कमी ठेवण्याबद्दल आपल्या खात्याने मत कळवलं, तर त्याला कुणी नाही म्हणणार नाही.

आणि पैसा. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांपुढच्या निराधार माणसाला महिना १५०० रुपये मिळतात. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ८० वर्षांखालच्यांसाठी केंद्राचा वाटा २०० रुपये आहे आणि तो २००७ पासून वाढलेला नाही. या रकमा कशावरून ठरल्या? वरण, भाजी, दूध, रिक्षा, चष्मा, फोनचं रिचार्ज, नातवाच्या हातावर ठेवायचे पन्नास रुपये, यांचा हिशेब कुणी मांडला होता का? देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून जास्त भारतीयांची पाहणी केली आहे. वार्धक्याविषयी एवढी माहिती असलेली संस्था मुंबईतच आहे. महाराष्ट्रातल्या म्हाताऱ्या माणसाला निरोगी राहायला महिन्याला किती लागतात, शहरात किती आणि खेड्यात किती, हा मॉरिस यांच्यासारखा हिशेब आपल्या खात्याने तिथल्या अभ्यासकांना मांडायला सांगावा. जो आकडा येईल तो जाहीर व्हावा. पेन्शन वाढवायची की नाही हे सरकार आणि विधानसभा ठरवतील, पण निदान किती कमी पडतं आहे ते सगळ्यांना कळेल.

बाकी दोन गोष्टी याहून सोप्या आहेत. आरोग्य केंद्र, बसथांबा आणि बाजार यांच्या अर्धा किलोमीटर परिसरातल्या रस्त्याचा आराखडा मंजूर होताना त्यावर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचा अभिप्राय सक्तीचा करावा. आणि नगरविकास, परिवहन, सामाजिक न्याय या खात्यांच्या मंत्र्यांना आपण स्वतः बोलावून एक बैठक घ्यावी. त्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर 'हृदयविकार' हा एकच विषय असावा. आम्हा ज्येष्ठ नागरिक संघांना त्या बैठकीला बोलावलंत तर आम्ही येऊ, आणि वर लिहिलेल्या रस्त्यावरच्या कडांची मापं मिलिमीटरमध्ये घेऊन येऊ. पुढच्या अर्थसंकल्पाची तयारी सुरू होण्याआधी ही बैठक व्हावी, एवढी विनंती.

कळावे,
आपली,
ज्येष्ठ नागरिक संघाची एक कार्यकर्ती